फिटबिटमधून रोजची पावलं घेताना या चुका टाळा

"टोकन चालत नाहीये." "पावलं शून्य येतायत." "काल नीट होतं, आज बंद पडलं." फिटबिट या मनगटी बँडमधली माहिती आपल्या कोडने उचलणाऱ्या कुणाकडून तरी महिन्यातून दोन-तीनदा असा निरोप येतोच, सोबत अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट उघडायच्या आधीच मला बहुतेक वेळा उत्तर माहीत असतं, कारण चुका त्याच त्याच असतात. यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत आणि त्यांचा त्रास माझ्या घरच्यांना झाला आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा साताऱ्यात, मी पुण्यात. बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना फिटबिट घेऊन दिलं. रोज पहाटे माझी एक छोटी स्क्रिप्ट फिटबिटच्या वेब एपीआयमधून (म्हणजे कोडने माहिती मागायच्या खिडकीतून) त्यांची पावलं, अंतर आणि हालचालीची मिनिटं उचलते आणि डेटाबेसमध्ये टाकते. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना त्याची प्रिंट बाबांच्या फाइलमध्ये असते. डॉक्टर तो कागद खरंच वाचतात, त्यामुळे त्यावरचा आकडा चुकून चालत नाही.

शून्य आलं म्हणजे माणूस चालला नाही, असं समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. आणि सगळ्यात वाईटही हीच.

सुरुवातीला माझी स्क्रिप्ट रात्री अकराला चालायची. दिवसाची पावलं ५०० च्या खाली गेली की मला मेसेज यायचा. त्या वर्षी जुलैत, पाऊस जोरात असताना, सलग दुसऱ्या रात्री मेसेज आला : पावलं ०. पहिल्या रात्री मी ‘पावसामुळे गेले नसतील बाहेर’ असं म्हणून सोडून दिलं होतं. पण घरात वावरणाऱ्या माणसाचीही चारपाचशे पावलं होतात. फोन लावला, तर बंद. आई त्या आठवड्यात बहिणीकडे कोल्हापूरला होती. साडेअकराला मी शेजारच्या काकूंना उठवलं. त्या बिचाऱ्या छत्री घेऊन जिना चढून गेल्या आणि दार वाजवत राहिल्या. मी फोन कानाला लावून ते वाजवणं ऐकत होतो. चार-पाच मिनिटांनी कडी निघाली आणि झोपेतला आवाज आला, "कोण आहे?"

बाबा ठणठणीत होते. दोन दिवस लाइट नव्हती, फोनची बॅटरी संपली होती, एवढंच. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा ते मंगळवार तळ्यापर्यंत चालूनही आले होते. तिसऱ्या दिवशी फोन चार्ज झाला, ॲप उघडलं आणि त्याच दोन तारखांना आकडे आले : ४,८१२ आणि ५,३३०.

यामागचं कारण एकदा नीट समजून घ्या. एपीआय तुमच्या मनगटावरच्या बँडशी बोलत नाही. बँड ब्लूटूथने फोनमधल्या ॲपला माहिती देतो, ॲप ती फिटबिटच्या सर्व्हरला पाठवतं आणि एपीआय फक्त सर्व्हरवर जे आहे ते वाचून दाखवतो. मधला फोन बंद असेल तर साखळी तिथेच तुटते. पण उत्तरात ‘माहिती नाही’ असं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे सरळ ० येतं, आणि ते खऱ्या शून्यासारखंच दिसतं.

हे ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे बैठी मिनिटं. पूर्ण दिवसाची बैठी मिनिटं बरोबर १४४० आली, तर ती चोवीस तासांची पूर्ण बेरीज आहे. बँड हाताला असलेल्या माणसाची झोप त्यातून वजा होते, थोडं चालणं वजा होतं, त्यामुळे १४४० पुरी भरत नाहीत. म्हणजे त्या दिवशी बँड घातला नव्हता, नाहीतर सिंक झाला नव्हता, म्हणजे बँडमधली माहिती सर्व्हरपर्यंत पोचली नव्हती. या दोन्हींतलं नेमकं काय, हे दुसऱ्या गोष्टीवरून कळतं : डिव्हाइसेसच्या एंडपॉइंटमधली (एंडपॉइंट म्हणजे एपीआयमधला एकेका माहितीचा पत्ता) शेवटच्या सिंकची वेळ. सिंक तो दिवस संपल्यानंतरचा असेल आणि तरी शून्य असेल, तर बँड टेबलावर पडून होता. सिंक त्याआधीचा असेल, तर आपल्याला त्या दिवसाबद्दल काहीही माहीत नाही. अशा वेळी माझ्या तक्त्यात तो रकाना कोरा राहतो.

कोरा आणि शून्य यांतला फरक सरासरीत लगेच दिसतो. पाच दिवस ५,००० पावलं आणि दोन दिवस माहिती नाही. ते दोन दिवस शून्य धरले तर सरासरी ३,५७१ येते, कोरे सोडले तर ५,०००. डॉक्टरांसमोर यातला कुठला आकडा ठेवणार?

दुसरी सवय म्हणजे फक्त कालचा दिवस न मागणं. बँडमध्ये मिनिटामिनिटाचा तपशील साधारण ७ दिवस आणि दिवसाच्या बेरजा ३० दिवस राहतात. सिंक उशिरा झाला की जुन्या तारखांचे आकडे मागाहून भरले जातात. म्हणून मी रोज पहाटे मागच्या ३० दिवसांची पावलं पुन्हा मागतो आणि आधीच्या नोंदींवर नवे आकडे लिहितो. तारखांचा पट्टा देता येणारा टाइम सिरीज एंडपॉइंट आहेच, त्यामुळे पावलांसाठी एकच रिक्वेस्ट पुरते. ‘एकदा आणलं, झालं’ असं म्हणणाऱ्यांच्या तक्त्यात ती शून्यं कायमची राहतात. अकराचा तो मेसेजही मी काढून टाकला. आता मेसेज येतो तो ‘दोन दिवस सिंक नाही’ असा. तो आला की मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी फोन करतो.

रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येतं, हे विसरणं

टोकन म्हणजे खात्यातली माहिती वाचायची डिजिटल किल्ली. ॲक्सेस टोकन ८ तास चालतं. ते संपलं की ४०१ हा नकाराचा एरर येतो, मग रिफ्रेश टोकन देऊन नवीन घ्यायचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्या उत्तरात नवीन रिफ्रेश टोकनही येतं आणि जुनं बाद होतं, हे ट्युटोरियल घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं. मग पहिल्या दिवशी मिळालेलं टोकन कोडमध्ये चिकटवलेलं असतं, पहिलं रिफ्रेश व्यवस्थित होतं आणि पुढच्या वेळी ‘इनव्हॅलिड ग्रँट’ असा एरर. "काल चालत होतं" या तक्रारीचं मूळ दहातल्या नऊ वेळा इथे असतं.

मी ते चिकटवण्याची चूक केली नव्हती. मी दुसरी केली. एका रविवारी आलेख नीट करायचा होता, म्हणून टोकनची फाइल सर्व्हरवरून लॅपटॉपवर कॉपी केली. रात्री दहाला लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवली, तिने टोकन रिफ्रेश केलं आणि नवं टोकन लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये गेलं. पहाटे पाचला सर्व्हर उठला तो जुनं टोकन घेऊन. त्याला नकार मिळाला. लॅपटॉपवरची फाइल मी झोपण्यापूर्वी ‘कचरा’ म्हणून पुसली होती. हे माझ्या लक्षात आलं चौथ्या दिवशी.

आता उपाय एकच : खातं ज्याचं, त्याने पुन्हा परवानगी देणं. म्हणजे साताऱ्याला फोन.

"बाबा, मी लिंक पाठवलीय. ती उघडा."

"उघडली. पासवर्ड मागतंय."

"डायरीत लिहून दिलाय बघा, मागच्या पानावर."

"थांब, चष्मा आणतो." मग बराच वेळ काही नाही. "हां, झालं. आता खाली बरेच चौकोन दिसतायत."

"सगळ्यांवर टिक करा."

"करतो. पण हे मागच्या महिन्यात केलं होतं ना रे आपण?"

केलं होतं. त्यांनी न कुरकुरता पुन्हा केलं, पण एक चौकोन राहिला, नेमका सेटिंग्जचा. डिव्हाइसेसची माहिती त्याच परवानगीखाली येते. त्यामुळे पावलं येऊ लागली, पण सिंकच्या वेळेसाठी ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. संध्याकाळी पुन्हा फोन. तेव्हापासून परवानगी मिळाल्याबरोबर टोकनच्या उत्तरात कुठले स्कोप (परवानग्या) आले आहेत ते मी आधी तपासतो आणि मगच फोन ठेवतो.

टोकनबद्दल माझी शिस्त आता अशी आहे. टोकन एकाच जागी राहतं, सर्व्हरवर. लॅपटॉप डेटाबेस वाचतो, टोकनला हात लावत नाही. रिफ्रेशचं उत्तर आल्यावर पहिलं काम नवी जोडी फाइलमध्ये लिहिणं. तीही आधी तात्पुरत्या फाइलमध्ये, मग नाव बदलून. पावलांची रिक्वेस्ट त्यानंतर. हा क्रम उलटा ठेवला आणि मध्ये स्क्रिप्ट कोसळली, तर नवं टोकन मेमरीतच जातं आणि जुनं तर केव्हाच मेलेलं असतं.

‘इतकं कशाला, इम्प्लिसिट पद्धतीने (रिफ्रेशशिवाय थेट टोकन देणाऱ्या) वर्षभराचं टोकन घे’ असा सल्ला मला पुष्कळांनी दिला आहे. मला तो पटत नाही. वर्षभर चालणारं टोकन ब्राउझरच्या पत्त्यातून उघडं फिरवायचं, आणि तेही दुसऱ्याच्या तब्येतीच्या माहितीचं? रिफ्रेशचा कोड वीस ओळींचा आहे. तेवढा लिहा.

तारीख सर्व्हरची धरणं

भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे १२ तारखेचे पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा तिथे ११ तारखेचे रात्रीचे साडेअकरा असतात. तुम्ही ‘काल’ मागता आणि हातात १० तारीख येते. आकडे खरेच असतात, फक्त एका दिवसाने सरकलेले. त्यामुळे शंकाही येत नाही. मला ती आली गणपतीत. आरतीच्या गडबडीत बाबा दिवसभर घराबाहेर पडले नव्हते, हे मी समोर बघितलं होतं आणि तक्त्यात त्या तारखेला ६,००० च्या वर पावलं होती.

फिटबिटच्या तारखा वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोनप्रमाणे असतात आणि उत्तरातल्या वेळेला टाइमझोन चिकटवलेला नसतो. म्हणून कोडमध्ये ‘आशिया/कोलकाता’ स्पष्ट लिहा. तुम्ही परदेशात असाल आणि आईवडिलांचा डेटा बघत असाल, तर त्यांचा टाइमझोन लिहा, तुमचा नाही.

लूपमध्ये ३६५ रिक्वेस्ट

मर्यादा एका वापरणाऱ्यामागे तासाला १५० रिक्वेस्टची आहे. वर्षाचा डेटा दिवसादिवसाने मागितला की १५१ व्या रिक्वेस्टला ४२९ (मर्यादा संपली) येणार. लोक मग मध्ये एक सेकंदाची झोप टाकतात. त्याने काय होणार? ३६५ सेकंद म्हणजे सहा मिनिटं, मर्यादा तासाची आहे. टाइम सिरीजमध्ये पावलांसाठी एका वेळी १०९५ दिवसांपर्यंतचा पट्टा मिळतो, म्हणजे तीन वर्षं एका रिक्वेस्टमध्ये. आणि तरीही मर्यादा लागलीच, तर किती सेकंदांनी ती उघडेल हे उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीत) लिहिलेलं असतं. ते वाचा आणि तेवढं थांबा.

लहान, पण हमखास होणाऱ्या

टाइम सिरीजमधले आकडे मजकूर म्हणून येतात. पूर्णांक न करता सगळ्यात मोठा दिवस शोधलात तर ५,३३० पेक्षा ९८० मोठा ठरतो.

दिवसाच्या सारांशात अंतरांची यादी येते. तिची बेरीज करू नका. त्यात ‘टोटल’ आधीच आहे, बाकीचे त्याचेच तुकडे आहेत.

‘कॅलरीज आउट’ म्हणजे व्यायामात जळालेल्या कॅलरी नव्हेत. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागतात त्या कॅलरीही त्यात धरलेल्या असतात. "बँड कपाटात होता तरी १,५०० कॅलरी कशा?" याचं उत्तर हेच.

अंतर मैलात येतंय? कुठल्या तरी नमुना कोडमधून अमेरिकन भाषेचं हेडर तसंच उचललं गेलंय. ते काढा, किलोमीटर येतील.

परवानगीनंतर ब्राउझरच्या पत्त्यात टोकन मिळवण्यासाठीचा जो कोड येतो, त्याच्या शेपटाला #_=_ अशी चिन्हं असतात. ती कोडचा भाग नाहीत. हा कोड १० मिनिटंच जिवंत असतो, त्यामुळे तो मिळाल्यावर जेवायला उठू नका. आणि रीडायरेक्टचा (परवानगीनंतर परत यायचा) पत्ता नोंदवला तसाच्या तसा हवा, शेवटच्या तिरक्या रेघेसकट.

आपल्या स्क्रिप्टसाठीचं ॲप फिटबिटकडे ‘पर्सनल’ म्हणून नोंदवलं, तर मिनिटामिनिटाचा तपशील फक्त ज्याच्या खात्यातून नोंदवलं त्याचाच मिळतो. वडिलांसाठी तो हवा असेल तर ॲप त्यांच्या खात्यातून नोंदवा. मला रोजच्या बेरजा पुरतात, आणि वडील दुपारी अडीचला किती पावलं चालले हे मुलाला कळायची गरज आहे, असं मला वाटत नाही.

टोकनचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं

मदत मागताना लोक पूर्ण एरर चिकटवतात, त्यात क्लायंट सीक्रेट (ॲपचा पासवर्ड), टोकन, सगळं. मागच्या महिन्यात एकाने दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या बायकोच्या खात्याचं चालू टोकन टाकलं. त्यात झोपेची, वजनाची, हृदयाच्या ठोक्यांची परवानगी होती. मी त्याला लगेच फोन केला, तर म्हणाला, "आठ तासांत जाईलच की." ॲक्सेस टोकन जाईल. पण खालच्याच ओळीत रिफ्रेश टोकन होतं, आणि ते आठ तासांनी जात नाही. मेसेज पुसूनही उपयोग नव्हता, ज्यांच्या फोनवर पोचला त्यांच्याकडे तो पोचला होता.

असं झालंच तर टोकन रद्द करण्याचा वेगळा एंडपॉइंट आहे, तो आधी वापरा. मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सीक्रेट बदला. आणि मग ज्याचं खातं आहे त्याला काय झालं ते नीट सांगा, नवी लिंक पाठवा आणि तो चष्मा आणेपर्यंत फोनवर थांबा.