नदीकाठच्या बागेखाली ड्रेनेज बदलायचंय आणि पावसाळी टाकी करायचीय? मग आधी मैलापाणी वेगळं काढा

दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाता भागाचं पाणी धरायला मुंबईत प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या केल्या, तेव्हापासून पुण्यातही ज्याला त्याला वाटायला लागलंय की नदीकाठी बाग आहे ना, मग खणा आणि टाका टाकी. मी साइट इंजिनियर आहे, असलं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय, मुठेच्या काठचं, म्हणून जे हाताने केलं आणि जिथे हात भाजले ते सांगतो. टाकी हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. आधी मैलापाणी आणि पावसाचं पाणी वेगळं करा, नाहीतर बागेखाली तुम्ही एक मोठा सेप्टिक टँक बांधणार आणि वर मुलं घसरगुंडी खेळणार.

सुरुवात एप्रिलमध्ये करा. सकाळी सातला नदीकाठी जाऊन पावसाळी लाइन जिथे नदीत सुटते त्या तोंडाशी उभे राहा. तीन महिने पाऊस नाही आणि तिथून पाणी वाहतंय, वर साबणाचा फेस, वास तर विचारूच नका, म्हणजे वरच्या कुठल्यातरी सोसायटीचं ड्रेनेज पावसाळी लाइनमध्ये जोडलंय हे नक्की. सातचीच वेळ अशासाठी की आंघोळी, भांडी, धुणं सगळं तेव्हाच चालू असतं, दुपारी तीनला गेलात तर काहीच दिसायचं नाही आणि तुम्ही खूष होऊन परत याल. मग एकेक चेंबर उघडत वर जायचं, संशय येईल तिथे संडासात रंग टाकून फ्लश करायचा आणि खाली कुठल्या लाइनला रंग येतो ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, लोक दार उघडत नाहीत, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे हो" म्हणतात, पण याला पर्याय नाही.

उलटं प्रकरण जास्त वाईट, म्हणजे गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला. याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा म्हणजे डोळे उघडतील. आमच्या भागात साधारण ८,००० माणसं. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं असं धरतात, म्हणजे दिवसाला ८.६४ लाख लिटर, सरासरी सेकंदाला १० लिटर. सकाळच्या गर्दीसाठी त्याला तीनने गुणायचं (२०,००० वस्तीपर्यंत हाच पीक फॅक्टर), म्हणजे ३० लिटर. आता ५०० चौरस मीटरची एक गच्ची घ्या, तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस धरा, एकट्या गच्चीतून सेकंदाला ८ लिटरच्या वर पाणी येतं. अशा फक्त चार गच्च्या ड्रेनेजला जोडल्या की ८,००० माणसांच्या मैलापाण्याइतकं पाणी त्यात आणखी घुसलं! मग बागेतली चेंबरची झाकणं पावसात उडतात आणि आपण म्हणतो लाइन जुनी झालीय. लाइन जुनी असतेच, पण निम्मा गुन्हा गच्चीचा असतो. म्हणून पाइप मोठा करायच्या आधी गच्च्या सोडवा, स्वस्तात काम होतं.

एवढं झालं की लाइनमध्ये कॅमेरा घाला. सीसीटीव्ही सर्व्हे म्हणजे चाकावरचा कॅमेरा पाइपातून फिरवतात, पण आधी जेटिंग, म्हणजे जोराच्या फवाऱ्याने पाइपाची धुलाई, करून घ्या, नाहीतर गाळाचा सिनेमा बघायला मिळेल. जुना आरसीसी पाइप वरून खाल्लेला दिसतो, खालून नाही. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो वर कोरड्या भागात जमतो, तिथे त्याचं ॲसिड होतं आणि सिमेंट खातं. वरची सळई उघडी पडलेली दिसली की समजा त्या पाइपाचे दिवस भरले. जिथे पाइप आकाराने शाबूत आहे पण सांधे गळतायत, झाडांची मुळं आत आलीयत, तिथे खणायचं नाही, आतून लायनिंग, म्हणजे जुन्या पाइपाला आतून नवं अस्तर, करून घ्यायचं. बागेत तर हे फारच बरं, कारण झाड तोडायचं म्हणजे १९७५ च्या कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, नोटीस, हरकती, आणि हे सगळं होईपर्यंत पावसाळा दारात.

नवीन लाइन टाकायचीच असेल तर उतार बघा, डायमीटरच्या मागे लागू नका. मैलापाणी निदान ०.६ मीटर सेकंदाला तरी पळालं पाहिजे, भविष्यातल्या पूर्ण लोडला ०.८, नाहीतर गाळ बसतो. ३०० मिलिमीटरचा पाइप २०० ला १ उताराने टाकला तर भरून वाहताना सेकंदाला ६८ लिटर नेतो, आमच्या ३० लिटरला भरपूर. कुणी "उद्याचा विचार करून ६०० चा टाका" म्हणालं तर हात जोडून नको म्हणा, एवढ्याशा पाण्याला तो पाइप म्हणजे रिकामं मैदान, पाणी तळाशी रेंगाळतं आणि दरवर्षी सक्शन मशीन बोलवावं लागतं. नदीकाठी आणखी एक. आपल्याकडे ड्रेनेज लाइन नाल्याच्या किंवा ओढ्याच्या पात्रातूनच नेलेली असते, चेंबरही पात्रातच, पूर आला की झाकण पाण्याखाली आणि सगळी नदी ड्रेनेजमध्ये. शक्य असेल तिथे ती लाइन पात्रातून काढून काठावर आणा, नसेल तर चेंबर बोल्टवालं, पाणी न गळणारं झाकण लावून बंद करा आणि गॅस बाहेर सोडणारा व्हेंट पाइप पुराच्या लेव्हलच्या वर न्या.

लाइन बदलताना जुनी लाइन चालूच असते हे लोक विसरतात. वरच्या चेंबरला प्लग, तिथून पंपाने पाणी खालच्या चेंबरला, आणि एक पंप स्टँडबाय. आणि माणूस आत उतरवायचा नाही, "दोन मिनिटांचं काम आहे साहेब" असं मुकादम कितीही म्हणाला तरी नाही. संरक्षक साधनांशिवाय गटार साफ करायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवा, त्या गॅसचा वास पहिल्यांदा येतो आणि मग नाकच मरतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटून माणूस खाली जातो आणि वर येत नाही.

आता टाकी. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, एवढं पाठ करून ठेवा. आमच्या बागेकडे उतरणारा भाग १२ हेक्टर, सगळा डांबर-काँक्रीट-पेव्हर, म्हणून पडलेल्यातलं ७० टक्के वाहून येतं धरलं. तासात ६० मिलिमीटर पडला तर १२ × ६० × ०.७ × १० म्हणजे ५,०४० घनमीटर. आमची ९०० मिलिमीटरची पावसाळी लाइन तासाला साधारण ३,२०० घनमीटर नेते. उरले १,८४०, म्हणजे १८ लाख लिटरच्या वर. तीन मीटर पाणी धरणारी २० बाय ३० ची टाकी त्याला जवळपास पुरते. बॅडमिंटन कोर्ट आणि शेजारच्या लॉनखाली बसली.

पण थांबा. हा हिशोब नदी खाली असतानाचा. खडकवासला धरणातून विसर्ग सुरू झाला, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला, की आमच्या पावसाळी लाइनचं तोंडही नदीत बुडतं आणि ती ३,२०० नेत नाही, उलट नदीच आत घेते. म्हणून तोंडाला फ्लॅप गेट पाहिजेच, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं पण आत न घेणारं झडपेसारखं दार. गेट बंद झालं की सगळा भार टाकी आणि पंपावर, आणि २०० लिटर सेकंदाचा पंपसुद्धा तासाला ७२० घनमीटरच काढतो. म्हणजे त्या दिवशी ही टाकी अर्ध्या तासात भरणार, हे नगरसेवकाला, सोसायटीला, सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. टाकी जोरदार सरीसाठी आहे, पुरासाठी नाही. २५ सप्टेंबर २०१९ ला रात्री आंबिल ओढ्याला जे आलं, वीसहून जास्त माणसं गेली, ते अशा टाक्यांनी अडलं नसतं, तिथे ओढ्याला त्याची जागाच परत द्यावी लागते.

जागा ठरवताना पूररेषेचा नकाशा समोर ठेवा, निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बाग-मैदान चालतं, पण तिथे जमिनीच्या वर काही उभं करायचं नाही आणि भरावाने लेव्हल तर अजिबात चढवायची नाही. पंपाचं पॅनल लाल रेषेच्या वर, मग केबल लांब पडली तरी चालेल.

सगळ्यात मोठा धोका कुणी सांगत नाही तो हा, की रिकामी टाकी तरंगते. नदीकाठी जमिनीतलं पाणी वरच असतं. राफ्टच्या, म्हणजे टाकीच्या खालच्या काँक्रीट स्लॅबच्या, तळाच्या वर अडीच मीटर पाणी असेल तर प्रत्येक चौरस मीटरला अडीच टन वर ढकलणार, ६०० चौरस मीटरला १,५०० टन. त्यावर सुरक्षेसाठी १.२ चा फॅक्टर धरायचा, म्हणजे वजन चौरस मीटरला तीन टन पाहिजे. आमचा ४०० मिलिमीटरचा राफ्ट एक टन, भिंती धरून १.४, वरचा ३०० चा स्लॅब टाकल्यावर २.१५, आणि त्यावर ६०० ची माती आली तेव्हा कुठे ३.२. नीट बघा, माती पडेपर्यंत टाकी सुरक्षित नाही! ड्रॉइंगमध्ये पास, साइटवर नापास.

आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये अवकाळी आला, भिंती झाल्या होत्या, स्लॅब बाकी, बाहेरचं पाणी उपसायचा पंप जनरेटरवर, आणि रात्री डिझेल संपलं. सकाळी गेलो तर नदीकडचा कोपरा चार बोटं वर. लेव्हलचा स्टाफ (उंची मोजायची पट्टी) लावून तीनदा मोजलं, मला वाटलं माझंच चुकतंय. वॉचमन म्हणाला, "साहेब, रात्री कडकड आवाज आला, मला वाटलं झाड पडलं." त्याला बिचाऱ्याला काय माहीत, टाकीत पाणी सोडून दिलं असतं तर ती जागची हलली नसती. हे आता मी प्रत्येक साइटवर पहिल्या दिवशी वॉचमनलाच शिकवतो, बाहेरचा पंप बंद पडला तर टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघड आणि मग मला फोन कर, आधी फोन नाही.

आत पाणी घ्यायच्या तोंडाशी जाळी आणि गाळ बसायला वेगळा खड्डा करा, पहिल्या पावसाचं पाणी म्हणजे सहा महिन्यांची धूळ, गुटख्याची पाकिटं, थर्माकोल. टाकीच्या तळाला पंपाच्या खड्ड्याकडे उतार द्या. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत ती कोरडी झाली पाहिजे, साचली तर डासांची फॅक्टरी. वरची माती ६०० असल्यामुळे लॉन आणि झुडपंच लावा, कुणी हौसेने पिंपळ लावला तर लगेच काढून दुसरीकडे लावा.

आणि मे महिन्यात एकदा टँकरने पाणी ओतून दोन्ही पंप, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा), फ्लॅप गेट चालवून बघा. आम्ही पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा फ्लॅप गेट उघडायलाच तयार नाही, कुणीतरी नदीकाठी बसायला म्हणून त्याच्यासमोर फरशी टाकली होती. पॅनलरूमची एक किल्ली पंपवाल्याकडे, एक बागेच्या वॉचमनकडे, आणि त्याच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात पंपवाल्याचा नंबर, कारण पाऊस जोरात येतो तो रात्री अकरालाच.