फर्स्ट इयरला विषय राहिला तर

एमबीबीएस फर्स्ट इयरचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, आर्णी, झरी-जामणीकडच्या पोरापोरींचे मला फोन येतात. माझीही फिजिऑलॉजी राहिली होती, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं.

आधी नियम. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटावंच लागतं आणि सप्लीही (नापासांची पुरवणी परीक्षा) त्यातच मोजतात. सप्लीत निघालात तर आपल्याच बॅचसोबत पुढे. नाही तर ज्युनियरांबरोबर बसायचं. त्यामुळे रडायचं असेल तर एक रात्र रडून घ्या.

मग मार्कशीट नीट पाहा. मार्क थिअरीत गेले की प्रॅक्टिकल-व्हायव्हात (तोंडी परीक्षेत)? आपल्याकडच्या सेमी-इंग्लिशच्या पोरांना विषय बहुतेक वेळा कळलेला असतो, पण इंग्रजीत लिहिताना चार ओळींत संपतो. त्यावर आणखी वाचणं हा उपाय नव्हे. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावून हातानं लिहा, आकृतीला नावं द्या आणि ती वही विभागातल्या एखाद्या शिक्षकाला दाखवा. मागं लागलं की बहुतेक जण तपासून देतात. ऑनलाइन क्लासचे पैसे मात्र वाचवा. त्यात पुन्हा ऐकणंच होतं.

व्हायव्हाचं दुखणं वेगळं. ‘येतं सर, पण सांगता येत नाही.’ रूममेटला विचारायला लावा आणि मोठ्यानं उत्तर द्या. कार्डिॲक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं, हे विचारलं तर आधी व्याख्या, मग मिनिटाला सुमारे ५ लिटर, मग तो आकडा कसा आला: दर ठोक्याला ७० मिली गुणिले मिनिटाला ७२ ठोके. एवढा क्रम तोंडात बसला की मोडकं इंग्रजीही चालून जातं. परीक्षकांपैकी बरेच जण आपल्यासारख्याच शाळांतून आलेले असतात, बाप्पा.

घरी सांगणं सगळ्यांत जड. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला, सारं गाव आत्ताच ‘डॉक्टर’ म्हणतं. तरी बाहेरून कळण्याआधी तुम्हीच सांगा. माझे बाबा एवढंच बोलले, “मंग पुढच्या खेपेले निघशीन.”

एक खबरदारी सगळ्यांनीच घ्या, पास झालेल्यांनीही. कापूस वेचणीला घरी हात कमी पडतात, हे मलाही ठाऊक आहे. पण दिवाळीला गेलात आणि तिकडेच रमलात तर थिअरीची ७५ आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी भरत नाही, मग परीक्षेला बसणंच अडतं. जायचंच असेल तर शनिवार-रविवार पाहून जा. बुडालेलं डिसेक्शन (मृतदेहाचं विच्छेदन) नंतर सहसा कुणी परत करून घेत नाही.