शिळ्या पावाचे क्न्योडल पाण्यात फुटू नयेत म्हणून

जर्मनीतल्या बव्हेरियातले झेमेलक्न्योडल, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, उकळत्या पाण्यात टाकले की बऱ्याचदा विरघळून जातात. त्यावर हा उपाय.

१. दोन-तीन दिवसांच्या कडक पावाचे २५० ग्रॅम पातळ तुकडे करा. त्यांवर २५० मिली गरम दूध ओता आणि २० मिनिटं झाकून ठेवा.
२. लोण्यात परतलेला कांदा, चिरलेली पार्सली, २ अंडी, मीठ, जायफळ घालून हलक्या हाताने कालवा. फार मळू नका, गोळे दडस होतात.
३. आधी एकच छोटा गोळा ओल्या हाताने घट्ट वळून पाण्यात सोडा. तो सुटू लागला तर बाकीच्या मिश्रणात चमचा-दोन चमचे ब्रेडक्रम्ब्स घाला. मैद्यापेक्षा हेच बरं, चव पावाचीच राहते.
४. मग सगळे गोळे मिठाच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं शिजवा. पाणी फक्त थरथरत राहिलं पाहिजे, खळखळून उकळू देऊ नका.

मशरूमच्या दाट रश्शाबरोबर हे फार छान लागतात. उरलेच तर दुसऱ्या दिवशी काप करून लोण्यात खरपूस भाजा, वर अंडं फोडा.

पाव शिळा चालेल, पण बुरशीचा ठिपका दिसला तर अख्खा पाव टाकून द्या.