नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीच्या गेटवर जाण्याआधी: भाचीसाठी तयारीची यादी

तुझा फोन आला तेव्हा मशीन सुरू होती, अर्धं ऐकूच आलं नाही. एवढं कळलं की कॉलेजने अप्रेंटिसशिपवाल्या पदवीचा, म्हणजे काही सेमिस्टर कंपनीत शिकाऊ म्हणून काढायच्या पदवीचा, फॉर्म दिलाय आणि ताईला वाटतंय, पोरगी शिक्षण सोडून कंपनीत चालली. ताईला मी समजावतो. तू मात्र सही करायच्या आधी एवढं बघून घे.

सगळ्यात आधी कॉलेजात जाऊन सेमिस्टरनिहाय क्रेडिटचा, म्हणजे पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या गुणांकांचा, तक्ता माग. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नकोस, हेल्मेट घालून हसणारी पोरं सगळीकडेच असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2025 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर अप्रेंटिसशिपची असतात, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार. तुझी कोणती सेमिस्टर कंपनीत जाणार आणि तिथल्या महिन्यांचे क्रेडिट किती, हे त्या तक्त्यात दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर ती साधी नोकरी आणि वरून परीक्षा.

मग करार. विद्यार्थी, कॉलेज आणि कंपनी अशा तिघांच्या सह्या त्यावर हव्यात, आणि तो नॅट्स या सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला हवा. हे मी ठणकावून सांगतो, कारण माझी त्यातच गोची झाली होती. एका कारखान्याने मला अप्रेंटिस म्हणून घेतलं, आठ महिने राबवलं. सर्टिफिकेट मागायला गेलो तर करार नोंदलेलाच नव्हता, नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर! ते आठ महिने कुठेच धरले गेले नाहीत. तेव्हा नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय पहिली शिफ्टही करू नकोस, एचआरवाले कितीही गोड बोलोत.

कागदपत्रांत नावाचं स्पेलिंग तपास. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असेल तर आताच दुरुस्त करून घे, नंतर सेतू केंद्राच्या रांगेत सुट्टी जाते. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढलेला असू दे, क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण सरकारच्या वाट्याचा स्टायपेंड थेट तिथेच येतो.

स्टायपेंडचं सांगायचं तर 2019 च्या नियमांत पदवी अप्रेंटिससाठी किमान 9,000 रुपये महिना धरले होते. कंपनी जास्त देऊ शकते, करारात आकडा बघ. पण कॉलेजची फी त्यातूनच जायची आहे, शिवाय पहिला हप्ता उशिरा येतो असं धरूनच चाल. दोन महिन्यांच्या जाण्यायेण्याचे पैसे बाजूला ठेव, कमी पडले तर मला सांग, आईला नको.

जाण्यायेण्यावरूनच कंपनी निवडावी असं माझं मत, लोक हसले तरी. हिंगणा एमआयडीसी असेल तर लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, पुढे ऑटो. विमानतळाजवळच्या मिहानमधली कंपनी असेल तर खापरी मेट्रो स्टेशन. बुटीबोरी मात्र लांब पडते. कंपनीची बस तुमच्या चौकात थांबते का आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावरही सोडते का, दोन्ही विचार. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात गाडीवर जाणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. दुपट्टा, पाण्याची बाटली, डब्यात कांदा.

उन्हाळी आणि हिवाळी परीक्षेची सुट्टी कशी मिळणार, हे आधीच लेखी घे. सुपरवायझरला विद्यापीठाचं वेळापत्रक माहीत नसतं. मलाही नसतं, आणि माझ्या हाताखाली चार पोट्टे आहेत.

कामावर दुखापत झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची, हे अप्रेंटिस कायद्यातच लिहिलेलं आहे. पण त्याच 1961 च्या कायद्यात तू 'कामगार' नाहीस, शिकाऊ आहेस. शिकणं संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल, असं करारात लिहिलेलं नसेल तर कंपनीवर तसं बंधन नाही. कोणी तोंडी शब्द दिला तर हसून ऐक आणि विसरून जा.

लॉगबुक रोजच्या रोज भर. आठवड्याचं एकदम लिहायला बसलीस तर मंगळवारी काय केलं ते आठवत नाही, आणि सही करणारा साहेब नेमका रजेवर असतो. "मशीन साफ केली" एवढंच पंधरा दिवस लिहावं लागलं, तर ते लॉगबुक घेऊन सरळ कॉलेजच्या समन्वयकाकडे जा. तुला शिकवायला घेतलंय, झाडू मारायला नाही.

सेफ्टी शूज कंपनी देते का विचार. स्वतः घेतलेस तर संध्याकाळी घे, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा मापाचा अंदाज बरोबर येतो.

कराराचा कागद आला की सगळ्या पानांचे फोटो पाठव. रविवारी मी घरीच आहे, ताईलाही घेऊन ये.