पार्सल अडकलंय असा मेसेज आला तर

‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल थांबले आहे, किरकोळ शुल्क भरा’ असा मेसेज आला की त्यातल्या लिंकला हात लावू नका. रक्कम मुद्दाम क्षुल्लक ठेवलेली असते, म्हणजे आपण फार विचार करत नाही. फसवणाऱ्यांना ती रक्कम नकोच असते. हवा असतो कार्डाचा नंबर आणि ओटीपी. खरंच काही मागवलं असेल, तर ज्या ॲपवरून मागवलं तिथे जाऊन ऑर्डरची स्थिती बघा. ट्रॅकिंग नंबर असेल तर कुरिअरच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून तपासा.

लिंक वाचायची एक सोपी रीत आहे: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर (//) जी पहिली तिरकी रेघ (/) येते, तिच्या लगेच डावीकडे असतं ते वेबसाइटचं खरं नाव. त्याच्याही आधी कुरिअर कंपनीचं नाव कितीही ठळक दिसलं, तरी त्याला अर्थ नाही.

फोनवरचा प्रकार मला जास्त घातक वाटतो. ‘डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी’ म्हणून *२१* किंवा **२१* ने सुरू होणारा कोड आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगतात. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड असतो. तुमचे कॉल, म्हणजे बँकेचा फोनवरून येणारा ओटीपीसुद्धा, त्यांच्याकडे वळतो. चुकून डायल केलाच असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

कार्डाचा तपशील देऊन बसला असाल तर लाज बाळगू नका, आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा.