स्वतःचा ऑडिओ प्लगइन बनवताय? या चुका टाळा

कॅबेज हे प्लगइन बनवायचं सॉफ्टवेअर उघडायचं, सीसाउंड या आवाजाच्या प्रोग्रामिंग भाषेच्या वीस-पंचवीस ओळी लिहायच्या, एक्स्पोर्ट केलं की प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बसणारा इफेक्ट किंवा वाद्य, तयार. काम इतकं सोपं झाल्यामुळेच चाचणी राहून जाते. आपल्या मशीनवर, आपल्याच ट्रॅकवर छान वाजलं की मंडळी तो मित्रांना पाठवून मोकळी होतात आणि मग "आवाजच येत नाही" पासून "कानठळ्या बसल्या" पर्यंत सगळं ऐकून घेतात. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) किती, बफर (एका वेळी हाताळायचा नमुन्यांचा गठ्ठा) केवढा, हे होस्ट, म्हणजे प्लगइन ज्यात चालतो ते सॉफ्टवेअर, ठरवतो. आपण मात्र ते मनाशी धरून चाललेलो असतो.

आवाज गायब, नाहीतर कानठळ्या

सीसाउंड १९८६ साली एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी घडवलं. १६ बिट आवाजाच्या त्या काळाचा वारसा असा, की कोडमध्ये 'झीरो-डीबीएफएस'ची (कमाल पातळी ठरवणारी) ओळ नसेल तर सीसाउंड ६ मध्येही ती पातळी ३२७६८ धरली जाते. मग तुमचं ०.५ ॲम्प्लिट्यूड (आवाजाची पातळी) ऐकूच येत नाही. उलट, तिथे १ लिहून खाली जुन्या उदाहरणातलं १०००० ॲम्प्लिट्यूड तसंच चिकटवलं की काय होतं ते सांगायला नको. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ही किंमत १ ठेवा. चाचणी करताना मास्टर ट्रॅकवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा इफेक्ट) लावा आणि पहिल्यांदा प्ले दाबताना हेडफोन कानावर नको, गळ्यात असू द्या. फीडबॅक (निघालेला आवाज पुन्हा आत सोडणं) असलेल्या डिलेत, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टमध्ये, तर हे सक्तीचंच समजा. फीडबॅकचा स्लायडर १ पर्यंत कशाला जाऊ द्यायचा? ०.९५ वर अडवा.

स्लायडर फिरवूनही काहीच होत नसेल तर चॅनेलचं, म्हणजे स्लायडर आणि कोड जोडणाऱ्या दुव्याचं, नाव तपासा. स्लायडरला दिलेलं नाव आणि ती किंमत वाचणाऱ्या 'चॅनगेट'मध्ये लिहिलेलं नाव यांत एका कॅपिटल अक्षराचा जरी फरक असला, तरी सीसाउंड बिनबोभाट शून्य देतं, एररही दाखवत नाही. ती किंमत प्रिंट करून पाहिली की दोन मिनिटांत उलगडा होतो. मात्र तो प्रिंट नंतर काढा.

प्लगइन आयडीही (होस्ट प्लगइन ओळखतो ती खूण) विसरू नका. टेम्प्लेटमधला तयार आयडी तसाच ठेवून दोन प्लगइन एक्स्पोर्ट केले की होस्ट एकाच्या जागी दुसरा उघडू शकतो.

सॅम्पल रेट आणि बफर

अर्ध्या सेकंदाचा डिले म्हणून २२०५० सॅम्पल लिहिले, तर ४४.१ किलोहर्ट्झला हिशेब बरोबर येतो. ९६ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये तोच डिले जेमतेम ०.२३ सेकंदाचा होतो. वेळ नेहमी सेकंदांत ठेवा आणि सॅम्पल रेट होस्टकडून घ्या.

जूस ही प्लगइन बनवायची लायब्ररी वापरून सी++ मध्ये लिहिणारे बफरच्या बाबतीत हमखास फसतात. होस्टने सुरुवातीला सांगितलेला आकार हा कमाल आकार असतो. होस्ट मध्येच त्याहून लहान ब्लॉक पाठवू शकतो. शिवाय ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे फक्त १.३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मेमरी मागणं, फाइल वाचणं किंवा लॉकसाठी (प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाने अडवलेल्या गोष्टीसाठी) थांबणं म्हणजे क्लिक आणि खरखर ओढवून घेणं.

खरखर प्रत्येक वेळी बफरचीच नसते

व्हॉल्यूम फिरवतानाच 'झरझर' ऐकू येते का? मग बफर वाढवून काही उपयोग नाही. सीसाउंडमध्ये 'केएसएमपीएस' (किती सॅम्पलनंतर नियंत्रणाच्या किंमती बदलायच्या तो आकडा) ३२ असेल तर ४८ किलोहर्ट्झला स्लायडरची किंमत सेकंदाला १५०० वेळा बदलते, तीही पायऱ्या-पायऱ्यांनी, आणि त्या पायऱ्या सिग्नलला गुणल्या की ऐकू येतात. 'पोर्टके' ही बदल गुळगुळीत करणारी सोय लावून तो २० मिलिसेकंदांवर पसरवा. फाउस्ट या दुसऱ्या ऑडिओ भाषेत हेच काम 'स्मू' करतं.

गाण्यावर चाचणी नको

गाणं सगळे दोष झाकतं. १ किलोहर्ट्झचा साइन (एकच शुद्ध सूर), एकच इम्पल्स (क्षणभराचा टिचका) आणि निव्वळ शांतता हे तीन इनपुट द्या. शांतता सगळ्यात बेरकी. रिव्हर्बची (खोलीतल्या घुमण्याच्या इफेक्टची) शेपटी विरत जाताना आकडे इतके बारीक होतात, की काही प्रोसेसरवर काहीच वाजत नसताना सीपीयू चढतो. ते आकडे शून्यावर आणणारी सोय चालू करा. आणि सिग्नलला त्याच्याच पातळीने भागणारा कोड शांततेत शून्य भागिले शून्य करतो. त्यातून निघालेला 'नॅन' ('संख्याच नाही' अशी किंमत) फिल्टरच्या फीडबॅकमध्ये शिरला, की प्लगइन पुन्हा लोड करेपर्यंत मुका. भागण्याआधी छेदात एक छोटा आकडा मिळवा.

हे झाल्यावर मोफत मिळणारं, प्लगइन तपासणारं प्लगइनव्हॅल निदान ५ व्या पातळीवर चालवा; मॅकवरच्या ऑडिओ युनिट प्रकारच्या प्लगइनसाठी तसंच ऑव्हॅल. शेवटी प्रोजेक्ट सेव्ह करून, होस्ट बंद करून पुन्हा उघडा आणि स्लायडर जागेवर आहेत का पाहा. प्लगइन लोकांच्या हातात गेल्यावर पॅरामीटरचे आयडी बदलू नका, नाहीतर त्यांच्या जुन्या प्रोजेक्टमधलं ऑटोमेशन (स्लायडरच्या नोंदवून ठेवलेल्या हालचाली) तुटतं.