अमली पदार्थाच्या (NDPS कायद्याच्या) बोगस गिऱ्हाईकाच्या, म्हणजे पोलिसांनी खरेदीदार म्हणून पाठवलेल्या माणसाच्या, केसमध्ये शिक्षा लागली, आता अपील कसं करायचं

सांगली-साताऱ्याचं अपील आता मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला (खंडपीठाला) जातं, ऑगस्ट 2025 पासून, मुंबईची वारी वाचली. मुदत 60 दिवस, आणि निकालाची कॉपी आरोपीला फुकट मिळते, ती आधी घ्या. वकील परवडत नसेल तर जेलमधूनच अर्ज करा, कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न बघता वकील देतं. "पोलिसांनीच गिऱ्हाईक पाठवलं" एवढ्यावर सुटका होत नाही बरं का, खरा जीव कागदात असतो. पोलिसांना मिळालेली खबर लिहून 72 तासांत वरच्या साहेबाला गेली का, पकडलेल्या मालाचं सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढलं का, सील, वजन, पंचांचा जबाब जुळतात का ते बघा. NDPS चं कलम 50 (मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घ्यायचा हक्क) अंगझडतीलाच लागतं, पिशवीत माल सापडला असेल तर त्यावर जोर देऊ नका. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज टाका, कमर्शियल क्वांटिटी (कायद्यानं ठरवलेलं मोठं प्रमाण) असेल तर स्थगिती मिळणं अवघडच.